भागाकाकूंचं मावळतीचं व्रत

"खोटं बोलायचंच झालं, तर देवाला मध्ये घालून बोलावं गो. माणसाला मध्ये घातलंस तर तो साक्ष द्यायला उठतो. देव बिचारा उठत नाही."

लग्न होऊन मी रत्नागिरीला आले आणि मला मिळालेला हा पहिला उपदेश. देणाऱ्या बाई शेजारच्या परसात, दगडी गडग्यापलीकडे, हाताला खोबरेल चोपडून फणस फोडत बसल्या होत्या. आमची ओळखदेखील झालेली नव्हती. मी नुसतं विचारलं होतं, "काकू, सासूबाई विचारताहेत, आमची विळी तुमच्याकडे आहे का?" विळी त्यांच्याकडेच होती, त्याच विळीवर फणस चालला होता. "सांग, काकूंनी देवीच्या नैवेद्यासाठी नेलीय," असं म्हणून त्यांनी चार गरे माझ्या ओंजळीत टाकले आणि वर ते सुभाषित.

या आमच्या भागाकाकू. पूर्ण नाव भागीरथी. ठेंगण्या, वाटोळ्या, आणि काष्टा असा कसलेला, की कधीही कोणी कुस्तीला बोलावलं तर वेळ जायला नको. हसताना तोंडावर पदर घ्यायची रीत त्या पाळत, पण पदर तोंडापर्यंत पोचेतो हसू आळीच्या टोकाला पोचलेलं असे. जगातल्या यच्चयावत वस्तूंना त्या 'मेल्या' म्हणत. कावळा मेला, तांब्या मेला, उतू जाणारा भात मेला. एकदा एका गोऱ्या साहेबाचा घोडा वाट चुकून आळीत शिरला आणि त्यांच्या तुळशीपाशी थबकला. काकूंनी घोडा आणि वरचा साहेब या दोघांना एकाच 'मेल्या'त उरकलं. साहेबाला ते स्वागत वाटलं. त्याने टोपी काढली.

त्यांची खरी करामत कहाण्यांची. व्रतवैकल्यांच्या दिवसांत आळीतल्या बायका कहाणी ऐकायला त्यांच्याकडेच जमत, आणि पुण्य हे त्याचं कारण नव्हतं. काकूंना कहाणीचा शेवट पटला नाही तर त्या तो तिथल्या तिथे बदलत. धाकट्या सुनेला रानात पाठवायची वेळ आली, की यांच्या कहाणीत सासू रानात जाई. आमच्या सासूबाई घसा खाकरत. काकू लगेच सासूला एक झोपडी बांधून देत आणि म्हणत, "झोपडी बरी मोठी होती हो वैनी."

आता समुद्राकडे येते. मी घाटावरची, वाईकडची. समुद्र मी कधी पाहिलेला नव्हता, आणि रत्नागिरीत सासर मिळालंय म्हटल्यावर मैत्रिणींनी माझा हेवा केला होता. त्यांना काय माहीत! आमच्या घरापासून मांडवीचं बंदर हाकेच्या अंतरावर. दुपारी सामसूम झाली की लाटांचा आवाज थेट माजघरात येई. पण बघायची सोय नाही. संध्याकाळ झाली की आळीतले पुरुष कोट चढवत, पगडी किंवा टोपी घालत, काठी घेत आणि 'हवा खायला' बंदरावर जात. तिथे धक्क्याच्या कडेला दगडी कट्टा होता. त्यावर पेन्शनरांच्या जागा ठरलेल्या. आमचे मामंजी कचेरीतून निवृत्त झालेले, त्यांची जागा मधोमध. उरलेले हुद्द्याप्रमाणे दोन्ही अंगांना. बायकांनी समुद्रावर जायचं ते निमित्त असेल तेव्हाच. नारळी पौर्णिमा, गणपतीचं विसर्जन, ग्रहणाचं स्नान. बोटीने मुंबईला जाणाऱ्या नवऱ्याला निरोप द्यायचा तोसुद्धा उंबऱ्यातून. माझे 'हे' मुंबईला नोकरीला. त्यांची बोट कशी दिसते हे मला ठाऊक नव्हतं, तिचा भोंगा तेवढा ओळखीचा.

काकूंचे यजमान अण्णा. फार सज्जन माणूस. बोलण्याच्या बाबतीत इतका काटकसरी, की 'हो'च्या जागी मान हलवून तेवढा श्वास शिल्लक टाके. तेही रोज कट्ट्यावर जात. ते परतले की काकू दारातच विचारत, "आज समुद्र कसा होता?"

अण्णा पगडी खुंटीला लावत आणि म्हणत, "होता."

"होता म्हणजे? निळा होता, काळा होता? लाटा केवढाल्या होत्या? होड्या आल्या का परत? सूर्य बुडताना दिसला?"

अण्णा विचार करत. मग म्हणत, "असेल."

गडग्याअलीकडून हा संवाद मी इतक्या वेळा ऐकलाय, की दोघांच्याही भूमिका मी पडद्याआडून वठवू शकेन. एकदा काकूंचा संयम सुटला. "माझं नाव भागीरथी ठेवलंन बापाने. नदीने समुद्राकडे जायचं नाही तर काय चुलीकडे जायचं? आणि हा माणूस रोज जातो आणि सांगतो काय, तर 'होता'! अहो, तो कालही होता! मी जन्मायच्या आधीही होता!"

अण्णांनी मान हलवली. म्हणजे हे त्यांना मान्य होतं.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला आम्ही सगळ्या ताम्हणं घेऊन बंदरावर गेलो. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तेव्हा, आणि पाहिला म्हणजे काय, पूजा होईपर्यंत. नारळ पाण्यात पडतो न पडतो तोच मागे मामंजींची काठी दगडावर वाजली. "झालं ना? चला आता." बायका वळल्या. काकू वळेनात. घोटाभर पाण्यात उभ्या राहून त्या पश्चिमेकडे बघत होत्या.

"अगो, चल की," सासूबाई म्हणाल्या.

"वैनी, थांबा. अर्धाच बुडालाय मेला!"

सूर्याला मेला म्हटलेलं ऐकून सासूबाईंनी कानावर हात ठेवले आणि काकूंना दंडाला धरून ओढत आणलं. घरी येईपर्यंत काकू एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती.

कोजागरी झाल्यावर एके दुपारी काकूंनी सगळ्यांना ओटीवर बोलावलं आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की त्यांच्या माहेरी, हेदवीला, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं एक व्रत आहे. आईने ते त्यांना दिलं होतं, पण संसाराच्या रामरगाड्यात राहून गेलं. नाव मावळतीचं व्रत. हेदवी तर खाड्या ओलांडून जायचं ठिकाण. चौकशीला कोण जातंय?

व्रताचे नियम असे. दर रविवारी, सूर्याचा वार म्हणून, सवाष्णींनी समुद्रावर जाऊन मावळत्या सूर्याला अर्घ्य द्यायचं. मग पहिली चांदणी दिसेपर्यंत पश्चिमेकडे तोंड करून बसायचं. बसायचं ते दगडावर. मातीवर बसल्यास फळ अर्धं. त्या वेळात स्वयंपाकघराचा विषय काढायचा नाही. भाजलेलं काहीतरी खायचं, पण ते तिथेच घेतलेलं हवं, घरचं चालत नाही. आणि नवऱ्याने त्या रात्री दुपारचं गार जेवायचं.

"गार का गो?" सासूबाईंनी विचारलं.

"सूर्य बुडला ना वैनी! ऊन ऊन कसं चालेल?" काकू म्हणाल्या. "त्याने पुरुषांची पचनशक्ती वाढते."

सासूबाई म्हणजे नियमाच्या पक्क्या. त्या गुडघे चोळत म्हणाल्या, "गुडघेदुखीला काही फळ आहे का?"

"गुडघ्यांचंच तर व्रत हे!" काकूंनी सांगितलं.

झालं! पुढच्या रविवारी सगळी आळी ताम्हणं घेऊन बंदरावर. व्रत म्हटल्यावर अडवायची कोणाची छाती? आणि दगड म्हणून बसण्याजोगा असा बंदरावर एकच, तो कट्टा. आम्ही अर्घ्य दिलं आणि ओळीने बसलो. मामंजींच्या जागेवर सासूबाईच बसल्या. मामंजी आले, उभे राहिले, काठी वाजवली.

"ही आमची बसायची जागा."

काकू मामंजींशी थेट बोलत नसत. मोठ्या पुरुषमाणसाशी बोलायची रीत नव्हती. त्यांनी समोरच्या कंदिलाच्या खांबाकडे तोंड केलं आणि खांबालाच सांगितलं, "पुरुषमंडळी म्हणे बंदरावर फिरायला येतात. तर फिरावं! व्रतस्थ बायका आहेत. शेजारी कोणी बसायचं म्हटलं तर आमची ना नाही, पण दोष लागला तर तो आमचा नव्हे."

दोषाची जोखीम कोण घेणार? त्या संध्याकाळी रत्नागिरीतले झाडून सगळे पेन्शनर पहिल्यांदाच खरोखर फिरले. धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. अण्णा तेवढे मजेत दिसले. फिरता फिरता ते काकूंसमोर आले की पावलं जरा हळू पडत.

तेवढ्यात रखमा खारवीण मासळीची टोपली घेऊन धक्क्यावरून निघाली होती. एवढी तालेवार ओळ बघून ती थांबली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काकू, ह्ये काय वो?"

"व्रत आहे गो. समुद्राकडे बघत बसायचं."

"आगो बाय! आमी जलमापासून हितं येताव. मंग आमचा व्रत कवा पुरा व्हयाचा?"

बायका खो-खो हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत, पण पदर नाकाशी नेला. काकूंनी सरकून जागा केली. "टोपली तिकडे ठेव, वाऱ्याच्या पलीकडच्या अंगाला. आणि बस. तू आमच्यातली जुनी व्रतस्थ." रखमा कट्ट्याच्या टोकाला बसली. काकूंनी तिला शेंगा दिल्या. सूर्य सबंध बुडाला, कोणीही काठी वाजवली नाही, आणि शेवटची कडा गेली तेव्हा काकूंनी शेंगा चघळणं थांबवून एवढंच म्हटलं, "असा जातो होय!" पन्नाशीला आलेली बाई, समुद्रापासून हाकेवर जन्म काढला होता तिने.

त्यानंतरचे रविवार म्हणजे नुसती धमाल. पण गार जेवणाने मामंजींची पचनशक्ती वाढण्याऐवजी संशय वाढला. एके सकाळी त्यांनी आमच्या ओटीवर बाळंभटांना बोलावलं. आमच्या आळीचे उपाध्ये. विद्वान खरेच, पण त्यांच्यात एक खोट होती. आयुष्यात एकदाही त्यांनी 'मला माहीत नाही' असं म्हटलेलं नव्हतं. मी आणि काकू माजघराच्या दाराआड कान लावून उभ्या.

"बाळंभट, हे मावळतीचं व्रत कुठल्या पुराणात आहे?" मामंजींनी विचारलं.

काकूंनी माझा दंड असा दाबला, की आठवडाभर निळा होता.

बाळंभटांनी डोळे मिटले. सुपारी या गालातून त्या गालात गेली. "स्कांदात," ते म्हणाले.

काकूंचा हात सैल झाला. स्कंदपुराण एवढं अवाढव्य, की तिथे काय नाही हे कोण सांगणार? बाळंभट आता रंगात आले. "सागरास्तमानव्रत. फार प्राचीन! अलीकडे लोपलंय." मग जरा थांबून त्यांनी भर घातली, "आणि त्याला उद्यापन आहे. रथसप्तमीला. ब्राह्मणभोजन, सवाष्णींना वाणं, यथाशक्ती दक्षिणा."

"उद्यापन!" मामंजींचा आवाज एकदम तरुण झाला. "म्हणजे त्यानंतर व्रत संपतं?"

"संपलंच! केलेल्या व्रताची उद्यापनाने सांगता व्हायलाच हवी."

"मग येत्या रथसप्तमीला करून टाकू. खर्च माझा."

काकू परसात जाऊन फणसाखाली बसल्या. मी मागोमाग गेले. त्यांना असं बसलेलं मला बघवेना. "काकू, भटजी खोटं बोलतात असं सांगा ना!"

"सांगू कशी गो?" त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या. "त्याचं खोटं उघडं करायचं तर आधी माझं उघडं करायला हवं. माझ्या खोट्यात त्याने खोटं घातलंन मेल्याने! आता सुटका आहे का?"

तसं बाळंभटांनाही माघार नव्हती. दोघं एकमेकांचं खोटं डोक्यावर घेऊन उभी. आणि रथसप्तमीनंतर पुन्हा माजघरात बसून लाटा ऐकायच्या. मला तर रडूच आलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, पदराने माझे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "घाटावरची ती घाटावरचीच. रडून काय होतंय? उद्यापनाआधी कहाणी सांगतात ना?"

रथसप्तमीच्या दुपारी रखमा परसदारी येऊन काकूंशी काहीतरी कुजबुजून गेली. मला वाटलं, निरोप घ्यायला आली असेल.

संध्याकाळी सगळी रत्नागिरी बंदरावर लोटली. पेन्शनर नव्या घडीच्या कोटात, आपापल्या जागा परत मिळणार म्हणून प्रसन्न. पाणी धक्क्याच्या पायऱ्यांवर चढून आलेलं, टम्म भरती. बाळंभटांनी संकल्पासाठी पळी हातात घेतली. काकू म्हणाल्या, "आधी कहाणी." त्याला कोण नाही म्हणणार?

"आटपाट बंदर होतं," काकूंनी सुरुवात केली. "तिथे एक सवाष्ण होती. ती मावळतीचं व्रत करायची. समुद्र रोज दोनदा तिला भेटायला यायचा. ती एकदाच जायची, तो दोनदा यायचा. बंदरात गलबतं लागायची, मुंबईचे मुलगे सुखरूप घरी यायचे, माडांना नारळ धरायचे. एके दिवशी नवरा म्हणाला, 'पुरे झालं, उद्यापन कर.' तिने उद्यापन केलंन. समुद्राने विचारलंन, 'बाई, तुझं व्रत संपलं?' ती म्हणाली, 'संपलं.' समुद्र म्हणाला, 'मग माझंही संपलं.'"

इथे काकू थांबल्या. त्यांचं थांबणं म्हणजे काय सांगू! टाळ्या घेणाऱ्या नटानेही शिकावं. मग हलकेच म्हणाल्या, "आणि तो निघाला. एक पायरी उतरला. दुसरी उतरला."

सगळ्यांच्या माना पायऱ्यांकडे वळल्या. वरची पायरी ओली होती आणि तिच्यावर पाणी नव्हतं.

आता हे बघा, भरती-ओहोटी रत्नागिरीत शेंबडं पोरही जाणतं. भरती भरली की ओहोटी लागते, आणि त्या दिवशी ती नेमकी कधी लागणार हे रखमाने दुपारी सांगून ठेवलेलं होतं. कट्ट्याभोवतालच्या प्रत्येक माणसाला ते माहीत होतं. पण असं माहीत असणं वेगळं आणि सूर्य बुडताना, पळी हातात असताना, पाणी आपल्याकडे पाठ फिरवून जाताना बघणं वेगळं.

"गलबतं रेतीत रुतली," काकूंनी आवाज आणखी उतरवला. "बोटी भर समुद्रातून परत फिरल्या. आया बंदरावर उभ्या राहिल्या, मुलगे काही आले नाहीत."

दुसरीही पायरी उघडी पडली. सासूबाई ताडकन उठल्या. गुडघे विसरून! "मी नाही हो करायची उद्यापन! माझा मुलगा बोटीने येतो!"

"अगो, ओहोटी आहे ती," मामंजी म्हणाले.

"मग तुम्ही घ्या पाणी हातात आणि म्हणा, व्रत संपलं! म्हणा ना!"

मामंजींनी पाण्याकडे पाहिलं. काठी या हातातून त्या हातात घेतली. माझे 'हे' दोन दिवसांनी यायचे होते. मामंजींनी बाळंभटांकडे पाहिलं.

बाळंभटांची आंब्याची कलमं होती. आंबा मुंबईला जाई तो समुद्रातूनच. त्यांनी डोळे मिटले, सुपारी फिरली आणि ते म्हणाले, "स्कांदात पाठभेद आहे. एका मतानं, सागर आहे तोवर उद्यापन नाही. हेच मत ग्राह्य." आणि पळीतलं पाणी त्यांनी हळूच परत पंचपात्रात ओतलं.

ब्राह्मणभोजन मात्र झालं. बाळंभट नेहमीपेक्षा चार लाडू जास्त जेवले. काकू स्वतः वाढायला होत्या. पानाशी वाकून त्या म्हणाल्या, "घ्या हो. मतं मांडून दमला असाल." बाळंभटांनी मान खाली घालून लाडू घेतला. दोघांनीही जन्मभर एकमेकांचं गुपित सांभाळलं.

पुढे रविवार पुरेनासा झाला. काकूंचं म्हणणं, वार सात आणि देव तेहतीस कोटी. कमी कशाला पडतील? सोमवार शंकराला गेला, मंगळवार देवीला, आणि होता होता व्रताचं नावही कोणी काढेनासं झालं. कट्ट्याची मधली शीव ठरून गेली. अलीकडे पुरुष, पलीकडे बायका, आणि शिवेवर अण्णा. ते कोणाशीच बोलत नसल्यामुळे दोन्ही पक्षांना चालत.

काही वर्षांनी यांना मुंबईत बिऱ्हाड मिळालं आणि मी निघाले. मचव्यात बसून मोठ्या बोटीकडे जायचं होतं. कट्ट्यावर बायकांची रांग बसलेली, वार कुठला तरी आडवार. नव्याने बदलून आलेला एक अंमलदार हातातली छडी फिरवत काकूंसमोर थांबला. त्याने आदबीने विचारलं, "बाई, आज कसलं व्रत आहे म्हणायचं?"

काकूंनी या खेपेला खांब शोधला नाही. सरळ त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "कसलंच नाही. समुद्र बघायला आलोय."

मचवा सुटला. धक्का लांब लांब जाऊ लागला. काकू अजून दिसत होत्या, आणि त्या हात हलवत होत्या. जोरजोरात, खांद्यापासून. मीही उभी राहिले, पदर उंच धरून हात हलवू लागले, नावाडी ओरडला तरी बसेना. केवढी माया, म्हटलं! मग तो अंमलदार छडी सावरत घाईघाईने चार पावलं डावीकडे सरकला, आणि काकूंचा हात लगेच खाली आला. त्यांनी मांडी ठीक केली आणि स्वस्थ पश्चिमेकडे बघू लागल्या.

मी खाली बसले. जरा कडेलाच सरकून बसले. न जाणो, मीही आड येत असेन.